मिनोबाईंचं सुतक

१

कुत्रा मेला नसता, तर मिनोबाईंच्या मरणाची कोतवालीनं दखलही घेतली नसती. आजारी म्हातारी पहाटे कधीतरी गेली, एवढंच झालं असतं. राजधानीच्या उजव्या पेठेत माणसं अशीच जातात. डावी पेठ गजबजलेली, श्रीमंत, आणि आमची उजवी दलदलीनं अर्धी गिळलेली. जिथं कधीकाळी सुभेदारांच्या हवेल्या होत्या तिथं आता पालेभाजीचे वाफे आहेत. पण बाईंनी रात्री उलटी करून भांडं ओसरीच्या कडेला सरकवलं होतं, आणि शेजाऱ्याचा कुत्रा ते चाटून मागच्या वाफ्यात मरून पडला. म्हातारं माणूस आपसूक मरतं. तरणाताठा कुत्रा मरत नाही.

म्हणून नायब तोकिआरिसाहेब आले आणि त्यांच्यामागून काठी घेऊन मी आलो. मी इवामारु. आधी चोर होतो, मग कैदी झालो, आणि सुटल्यावर कोतवालीनंच मला कामाला लावलं. आमच्यासारख्यांना लोक 'सुटलेले' म्हणतात. प्रेत उचलणं, गटारात उतरणं, ज्या कामाचा विटाळ साहेबलोकांना सोसत नाही ते सगळं आमच्या वाट्याला.

साहेब घरभर उभ्यानंच फिरले. मेलेल्याच्या घरात उभ्याउभ्या जाऊन आलं तर चालतं, पण एकदा का बूड टेकलं की महिनाभर देवाच्या दारात पाऊल टाकता येत नाही. परवावर कामो देवाची जत्रा आली होती आणि मिरवणुकीत साहेबांना घोड्यावर बसायचं होतं. त्यांच्या बायकोनं नवा अंगरखा शिवून ठेवला होता. मी मात्र खुशाल उंबऱ्यावर बसलो. माझ्यावाचून कुठल्या देवाचं अडलंय?

बाई पडद्यामागे कुशीवर वळून पडल्या होत्या. यजमान मिनो प्रांताचे सुभेदार होते, म्हणून सगळे त्यांना मिनोबाई म्हणत. उशाशी एक रिकामी वाटी होती. साहेबांनी वाटीच्या तळाला बोट लावलं, ते ओठाला टेकवलं आणि लगेच थुंकले. मग ओठ पुन्हापुन्हा चावून बघू लागले.

फाटकाबाहेर रस्त्यावर बाईंचा मुलगा सुकेतादा रडत होता. सुतक तर लागलंच होतं, आता आत यायला काय हरकत होती? पण तो आला नाही. तिथूनच ओरडला, "त्या पोरीला धरा! आईजवळ दुसरं होतं कोण? सगळं तिच्याच हातचं!"

ती पोरगी म्हणजे तोयोमे, बाईंची एकुलती एक मोलकरीण. तिला बांधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ती रडलीही नाही. दोर आवळताना एवढंच म्हणाली, "बाईसाहेबांचे केस विंचरायचे राहिलेत, दादा."

"इवा," साहेब आतून म्हणाले, "त्या वाटीला हात लावू नकोस. माझा ओठ बधिर झालाय. उत्तरेत शिकारी बाणाला लावतात ते हे. बचनाग."

२

शेजारी तानेओ नावाचा म्हातारा राहतो. बाईंच्या परसाला लागून दलदलीत तो सेरीची भाजी लावतो. आम्ही गेलो तेव्हा कुत्र्यासाठी खड्डा खणत होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती.

"काल संध्याकाळी मीच जुडी दिली होती साहेब, नाही म्हणत नाही. पण माझी भाजी चांगली आहे! सगळी पेठ खाते!"

"सेरीसारखं दिसणारं विषारी झुडूपही दलदलीत उगवतं," साहेब म्हणाले.

"उगवतं ना! म्हणून तर मी पान न् पान बघून खुडतो. आणि तीच भाजी त्या पोरीनंही खाल्ली की. माझ्यासमोर, चुलीपाशी बसून. ती कुठं मेली?"

साहेबांनी मान डोलावली. बचनाग आणि सेरी यांचा काही संबंध नाही हे त्यांना आधीच कळलं होतं, पण म्हातारा घाबरला की भराभर बोलतो हेही कळलं होतं.

"बाईंकडे येतं-जातं कोण?"

"कोण यायचंय? पोटचा लेक येत नाही, तर परके कशाला येतील! एक तेवढा नोरिहिरा यायचा. लेकाचा दोस्त, मोठ्या घरचा. काल संध्याकाळीही ओसरीवर ऐसपैस बसला होता. वाळलेली बोरं खाल्ली आणि बिया माझ्या वाफ्यात थुंकल्या. मोठ्या घरचे असे! आज सकाळी पुन्हा आला. हे समोर अंगणात रिमझिम पावसात उभा राहून पोरीशी बोलत होता. मग पोरगी आत गेली, आणि मग ती किंकाळी. तो तसाच पहारेकऱ्यांना बोलवायला धावला. नशीबवान गडी, अंगणातच होता म्हणून विटाळातून वाचला."

हे 'नशीबवान' त्या दिवशी मी पेठेत बऱ्याच तोंडांतून ऐकलं.

सुकेतादा सासुरवाडीला राहायचा, डाव्या पेठेत. तिथं आम्हांला फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही. तोच बाहेर आला. डोळे सुजले होते.

"आईला शेवटचं कधी भेटलात?" साहेबांनी विचारलं.

"देवापुढच्या नाचात मला घेतलं, त्याच्या आधी."

"म्हणजे फार दिवस झाले."

"साहेब, माझे वडील जन्मभर त्या नाचासाठी झुरले. त्यांना जागा मिळाली नाही. मला मिळाली. मी आईपाशी बसलेलो असताना ती गेली असती तर? आणि मी लांब असलो तरी सुतक होतंच. आईलाही ते ठाऊक होतं. तिनंच निरोप धाडला होता की बाळा, जत्रा होईपर्यंत येऊ नकोस, तोवर मी टिकते." त्याचा आवाज चिरकला. "म्हणून मी नोरिहिराला पाठवायचो. जाऊन बघून ये, म्हणायचो."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. बापडी म्हातारी स्वतःचं मरण लांबणीवर टाकत पडली होती, आणि हा दोस्ताच्या डोळ्यांनी आई बघत होता.

"तुमच्या जागी आता कोण नाचणार?" साहेबांनी सहज विचारलं.

"राखीव माणूस असतोच." सुकेतादानं नाक पुसलं. "नोरिहिराच आहे. बिचारा माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, अशी मिळालेली जागा मला नको होती."

३

तालमीच्या आवाराबाहेर आम्ही उभे राहिलो. आत देवापुढच्या नाचाची तयारी चालू होती आणि आम्ही मेलेल्याच्या घरून आलेले, म्हणून नोरिहिरा कुंपणापाशी आला आणि आडव्या बांबूच्या पलीकडूनच बोलला. देखणा, गोरापान, हसरा. त्याची टोपी कुंपणाच्या खांबावर वाळत घातलेली होती.

"काय नायब, काय म्हणतोय तपास? त्या पोरीनं कबूल केलं का?"

"अजून नाही. काल संध्याकाळी तुम्ही गेला होता म्हणे."

"गेलो होतो. बाईंची विचारपूस केली. त्या पडद्याआड होत्या, मी ओसरीवर. बऱ्या वाटल्या. बोरं खाल्ली आणि निघालो."

"काही नेलं होतं का त्यांच्यासाठी? खाऊ, औषध?"

"रिकाम्या हातानं गेलो, हीच तर लाज वाटते आता." त्यानं खरोखरच मान खाली घातली. "पोरगी काही म्हणते का?"

"ती पुष्कळ काही म्हणते," साहेब म्हणाले. "टोपी बरीच भिजली तुमची."

"सकाळच्या पावसात. नवी कोरी होती हो. जत्रेसाठी काढून ठेवलेली."

"मिनोबाईंच्या घराला ओसरी आहे."

"घाईत होतो," नोरिहिरा म्हणाला आणि हसला. "तालीम चुकली तर गुरुजी कातडं सोलतात."

आतून झांजा वाजल्या. तो वळला आणि सुकेतादाच्या जागेवर, दुसऱ्या रांगेत, जाऊन उभा राहिला. हात उचलले तेव्हा मला मान्य करावं लागलं की गडी नाचतो छान.

"चांगला माणूस वाटतो," परतताना मी म्हणालो.

"हो ना," साहेब म्हणाले. "एवढा चांगला माणूस अंगणातच्या अंगणात भिजला याचं वाईट वाटतं."

४

तुरुंगाचा वास मला झोपेतही ओळखता येतो. मी तिथं जेवढे दिवस काढले त्याबद्दल बोलणार नाही. पण पोरीला तिथं कोपऱ्यात पडलेली पाहिली आणि आधी पाण्याचं मडकं शोधलं. एका दिवसात तिला ताप भरला होता. शेजारच्या कैदी बाईला आठवड्यापासून होता, तोच लागला असणार.

तुरुंगाधिकारी दारातच भेटला. "बरं झालं आलास इवा. उद्या दुपारपर्यंत तापाचे सगळे कैदी बाहेर काढायचेत. नदीकाठी नेऊन ठेवायचे. जत्रेच्या दिवशी तुरुंगात मढं पडलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नदीकाठी पडलं तर?" मी विचारलं.

"नदीकाठ काय माझ्या ताब्यात आहे?" तो म्हणाला. "तूच ने तिला. तुझ्या ओळखीची दिसते."

उद्या दुपारपर्यंत. साहेबांनी ते ऐकलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ते तोयोमेपासून थोड्या अंतरावर उभे राहिले. मी तिच्याजवळ बसून पाणी पाजलं.

"पोरी, काल संध्याकाळपासून सांग. हळूहळू सांग."

"किती वेळा सांगू, इवादादा? कुणी ऐकत तर नाही." तिचे दात वाजत होते. "नोरिहिरासाहेबांनी औषध आणलं होतं. शिंपल्यात, पूड होती. देवळातल्या वैद्यानं दिलंय म्हणाले. मी गेल्यावर, देवळाची संध्याकाळची घंटा झाली की कढत मद्यातून दे. जिभेला मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, म्हणजे औषध लागू पडलं. मग त्यांना झोपू दे, मध्येच उठवू नकोस. आणि तूही आज निवांत झोप गं, किती दमलीस." ती थांबली. "महिन्याभरात मला कुणी दमलीस म्हणालं नव्हतं, दादा. मला इतकं बरं वाटलं! मी झोपले. बाईसाहेब उलट्या करत होत्या आणि मी झोपले होते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"तो शिंपला कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी ते आले तेव्हा आधी तोच मागितला. धुऊन दे म्हणाले, देवळाचा आहे, परत करायचाय. मी दिला. मग ते गप्पा मारत राहिले. सुकेतादासाहेबांचा पोशाख कसा झालाय, मिरवणुकीला गर्दी किती होणार, असलं काहीबाही. मी आसन मांडलं, बसा म्हटलं. नको म्हणाले. पाऊस आला. मी म्हटलं, निदान ओसरीवर तरी या. तर नको, घाई आहे. आणि घाई आहे म्हणत म्हणत उभेच! चुलीवर भात ठेवला होता, तो शिजून उतरवला तरी हे अंगणात उभे. मला राग आला. काल बसून बोरं खाल्ली, आज आमचं आसन यांना काटे टोचतं का? शेवटी म्हणाले, बाईंना उठव, लेकाचा निरोप द्यायचाय. म्हणून मी पडदा सारला..."

साहेब एकदम ताठ झाले.

"आसन तू आधी मांडलंस," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "पडदा सारायच्या आधी. तेव्हा घरात कुणी मेलंय हे तुला ठाऊक नव्हतं."

"मला कसं ठाऊक असणार?"

"बरोबर आहे. तुला नव्हतं," साहेब म्हणाले आणि तिथून लगबगीनं बाहेर पडले.

५

"तू कोणावर संशय धरतोस, इवा?" रस्त्यात त्यांनी विचारलं.

"लेकावर. आईला असं टाकून देणारा माणूस काहीही करेल."

"अरे, लेकाला आई जिवंत हवी होती! प्रेमापोटी म्हण, नाचापोटी म्हण, परवापर्यंत ती जगायलाच हवी होती. ती मेली असती तर त्यानं ते दडवलं असतं. जत्रा उरकून मग गळा काढला असता. त्याच्याइतकं नुकसान ह्या मरणात कुणाचंच झालेलं नाही." ते थांबले. "आता उलटं बघ. मिनोबाई मेल्यानं कुणाचं भलं झालं?"

"घर पडकं. दागिने कधीच विकलेले. कुणाचंच नाही."

"बाईंच्या वस्तूंनी नाही. त्यांच्या सुतकानं कुणाचं भलं झालं?"

मी काठी टेकून उभाच राहिलो. कोतवालीत इतकी वर्षं काढली, पैशासाठी, बाईसाठी, रागाच्या भरात झालेले खून पाहिले. सुतक लागावं म्हणून कुणी कुणाला मारलेलं ऐकलं नव्हतं.

"नोरिहिराला लेकाची जागा हवी होती," साहेब म्हणाले. "लेकाला मारलं असतं तर पहिला संशय राखीव माणसावर. पण म्हातारी मेली की लेक आपोआप बाद, आणि संशय कुणावरच नाही. फक्त दोन अडचणी होत्या. एक, त्याला स्वतःला विटाळ लागता कामा नये. म्हणून हातानं मारायचं नाही, विष देऊन आपण निघून जायचं, ती मरेल तेव्हा आपण लांब असायचं. दुसरी, मरण लपता कामा नये. लेकाला आधी कळलं असतं तर त्यानं पोरीचं तोंड बंद केलं असतं. म्हणून सकाळी हा स्वतः हजर. शिंपला परत घ्यायचा, पोरीला पडदा सारायला लावायचा आणि बोंब ठोकत पहाऱ्यावर जायचं. सगळं जमवलं, पण पडद्याआड प्रेत आहे हे ठाऊक असताना त्या घरात बसायचं कसं? बसला असता तर परवा नाच नाही. म्हणून भिजला."

"आणि आपण सगळे त्याला नशीबवान म्हणत होतो."

"माणूस मारायला तो कचरला नाही रे. आसनावर बसायला कचरला."

मी आयुष्यात काही थोडी पापं केली नाहीत, पण असं सोवळं राखून कधी केलं नाही.

"मग चला, धरू त्याला!"

"कशावर धरू? एका मोलकरणीनं आसन मांडलं आणि सरदाराच्या पोराला ते नको होतं, ह्यावर? शिंपला एव्हाना नदीत गेला असेल. औषध आणलंच नाही म्हणतो. त्याच्या शब्दापुढं तिचा शब्द कोण ऐकेल?"

"आणि पोरगी? उद्या दुपारी तिला नदीकाठी टाकायचंय साहेब. मलाच!"

साहेब म्हणाले, "उद्या सकाळी तालमीला जाऊ. तो औषधाचं कबूल करणार नाही, ठीक आहे. पण ज्या गोष्टीला तो फाशीपेक्षा जास्त भितो ती आपल्याला ठाऊक झालीय."

६

सकाळी तालमीच्या आवारात सगळे पोशाख घालून उभे होते. शेवटची तालीम होती. म्हातारे नृत्यगुरू हातात पंखा घेऊन एकेकाच्या पदराची चूण बघत होते. साहेब कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

"गुरुजी, माफ करा, एक वाईट बातमी आहे. तुमच्यातल्या एकाला विटाळ झालाय."

झांजा थांबल्या. पोरं एकमेकांपासून लांब सरकली.

"मिनोबाई पहाटे गेल्या असं आपण धरून चाललो होतो," साहेब म्हणाले. "पण प्रेत फारच ताठरलेलं होतं. विटाळ ठरवणाऱ्या ज्योतिषखात्याला विचारलं. त्यांचा कौल आहे की बाई आदल्या संध्याकाळीच गेल्या, दिवेलागणीच्या आधी. त्या वेळी नोरिहिरासाहेब त्यांच्या ओसरीवर बसलेले होते. शेजाऱ्यानं बघितलंय."

कौल बिल काही नव्हता. साहेब इतकं बेमालूम खोटं बोलू शकतात हे मलाही त्या दिवशीच कळलं.

नृत्यगुरूंनी पंखा मिटला. "नोरिहिरा, बसला होतास का तू तिथं?"

"बसलो होतो, पण..." त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "पण बाई जिवंत होत्या! पडद्याआडून माझ्याशी बोलल्या!"

"पडद्याआडून पोरगी बोलली असेल," साहेब म्हणाले. "तिनं मरण दडवलं असणार. तुम्ही बाईंना डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही, पण..."

"मग सांगता येत नाही. गुरुजी, मला वाटतं तिसऱ्या माणसाला पोशाख चढवा. आणि हे काल दिवसभर तुमच्यात वावरलेत, तेव्हा आवारही शुद्ध करून घ्या."

गुरुजी खरंच दोन पावलं मागं सरले. कुणीतरी मीठ आणायला धावलं. नोरिहिरा रडकुंडीला आला. त्याच्या अंगावर तो निळा-पांढरा पोशाख होता, सुकेतादाच्या मापाचा, बाह्या जरा लांब.

"खोटं आहे हे! गुरुजी, ऐका तरी! मी निघालो तेव्हा ती जिवंतच होती. असायलाच हवी! औषध मी गेल्यावर द्यायचं होतं, देवळाची घंटा झाल्यावर, मी पोरीला दोनदा बजावलं होतं! घंटेच्या आधी ती मरूच शकत नाही!"

आवारात कुणी हललं नाही.

"कसलं औषध?" साहेबांनी हळूच विचारलं. "तुम्ही तर रिकाम्या हातानं गेला होता."

नोरिहिरा गुरुजींकडे वळला, मग पोरांकडे. सगळ्यांनी खाली बघितलं. मला वाटलं होतं तो पळेल, म्हणून मी काठी आडवी धरली होती. पण तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मला विटाळ नाही ना? ती नंतरच मेली ना?"

"नंतरच मेली," साहेब म्हणाले. "तुम्ही अगदी शुद्ध आहात."

मग त्यांनी मला खूण केली आणि मी कुंपण ओलांडून आत गेलो. मी आत जाताच सगळी पोरं ओरडत मागं हटली.

७

मी धावत तुरुंगावर पोचलो तोवर तापाचे कैदी बाहेर काढून झाले होते. कुणीतरी दुसऱ्यानं माझं काम उरकलं होतं. तोयोमे नदीकाठच्या वाळूत चटईवर पडलेली सापडली. तिच्या एका बाजूला एक मेलेला होता आणि दुसऱ्या बाजूला एक मरत होता. मी तिला पाठुंगळीला मारून पुलाखालच्या माझ्या झोपडीत नेली. साहेबांनी वैद्य पाठवला. तो दारातूनच तिच्याकडे बघून जगेल म्हणाला.

नोरिहिराला दूरच्या बेटावर धाडतील असं बोलतात. मोठ्या घरचा आहे, दोन-चार वर्षांत माफी मिळून परतही येईल. सुकेतादा काल झोपडीबाहेर येऊन गेला. हातात रेशमाचा एक तुकडा होता, पोरीला द्या म्हणाला. आत ये म्हटलं तर तिथूनच परत फिरला.

जत्रा झाली. तिसराच कुणीतरी नाचला, आणि फार चांगला नाचला म्हणे. मिरवणूक नदी ओलांडून गेली तेव्हा मी झोपडीची झडप वर करून तोयोमेला दाखवत होतो. टोप्यांवर जत्रेला माळतात ती आओईची पानं, बैलगाड्यांना फुलांचे लांबलचक तुरे, आणि साहेब नव्या अंगरख्यात घोड्यावर. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतंच.

"इवादादा, एक विचारू?" ती म्हणाली. आवाज अजून खोल गेलेला होता. "बाईसाहेबांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही गं."

"कधी टाकून बोलल्या असतील. आजारी माणूस बोलतं."

"नाही. त्याला त्यांच्याबद्दल काही वाटत नव्हतं. त्याला फक्त लेकाला सुतक लागायला हवं होतं."

ती मिरवणुकीकडे बघत राहिली. 

"राग असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "रागानं मारणारा माणूस निदान ज्याला मारतो त्याच्याकडं बघतो तरी. माझ्या बाईसाहेबांकडं कुणी बघितलंच नाही, दादा. पोटच्यानं नाही आणि मारणाऱ्यानंही नाही."

तिला तहान लागली होती, म्हणून मी मडकं घेऊन नदीवर गेलो.